तीन सर्व्हर आणि पासलीचे मामा

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही पुण्यातलं भाड्याचं घर सोडून विंझरला राहायला आलो. नवरा शिरवळच्या एका कारखान्यात पाळीवर. त्याला पुण्याहून जाणं काय आणि विंझरहून जाणं काय, फारसा फरक नव्हता. माझं काम लॅपटॉपवरचं. टाळेबंदीनंतर कंपनीने घरूनच करायला सांगितलं होतं, आणि घर म्हणजे कुठलं घर हे कुणी विचारलं नाही.

विंझरचं घर स्लॅबचं, वर पत्र्याची एक खोली. तिथे पूर्वी भाताच्या कणग्या आणि जुनी औतं असायची. नवऱ्याने ती रिकामी करून दिली, टेबल आणलं, इन्व्हर्टर बसवला. नसरापूर ते वेल्हे रस्त्याच्या कडेने इंटरनेटची तार खांबाखांबावरून आली होती, ती खिडकीतून आत घेतली. खिडकीतून डावीकडे राजगड आणि लांब समोर तोरणा. पहिल्या आठवड्यात मी फोटो काढून पुण्यातल्या मैत्रिणींना पाठवले. त्यांनी लिहिलं, नशीबवान आहेस. नंतर मी फोटो काढायचं सोडून दिलं.

माझं काम काय, हे मला सासरी कधी नीट सांगता आलं नाही. पुण्यात एक मध्यम आकाराची कंपनी होती, यंत्रांचे आराखडे काढून देणारी. तिच्या तळमजल्यावर एका गार खोलीत तीन मोठे सर्व्हर होते. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर सकाळी चालू झाला की त्याला नेटवर्कवरचा एक पत्ता लागतो. तो पत्ता वाटण्याचं काम एक सर्व्हर करतो. कुठल्या नावाचं यंत्र कुठल्या पत्त्यावर आहे हे सांगण्याचं काम दुसरी एक सेवा करते. कोण आत आलेलं चालेल आणि कोण नाही, कुठली फाईल कुणी उघडायची, प्रिंटर कुणाचं आधी ऐकणार, सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर कशी राहतील, अशा सगळ्या सेवा त्या तीन यंत्रांवर चालायच्या आणि त्या चालू ठेवणं हे माझं काम. सकाळी मी सगळ्यांच्या नोंदी वाचायचे, कुठे जागा संपत आलीय का बघायचे, कुठे काही अडलं असेल तर ते सोडवायचे. ऑफिसातले लोक येऊन खुर्चीत बसायच्या आत हे झालेलं असायचं. त्यामुळे ते झालं हे त्यांना कळायचं नाही.

सासूबाई मात्र लोकांना ठाम सांगायच्या, "सूनबाई कामावं हाय."

"कुठं? घरातच तर हाय की."

"वर हाय. पर कामावं हाय."

पहिल्या वर्षी भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आळीतल्या बायांनी मला हाक मारली होती. खाली अंगणात उभ्या राहून, डोक्यावर पावसाची इरली घेऊन. मी खिडकीतून म्हटलं, आज मीटिंग आहे, उद्या येते. दुसऱ्या दिवशी सर्व्हर अद्ययावत करायची कामं निघाली. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच खाली उतरले, तर त्या पुढच्या वावरात गेल्या होत्या आणि त्यांच्या गाण्याचा आवाज ओढ्यापलीकडून येत होता. पुढच्या वर्षी त्यांनी हाक मारली नाही. रागावून नाही. मला त्रास नको म्हणून. रस्त्यात भेटल्या की हसायच्या, "काम काय म्हनतंय?" विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या.

सासरे गेले. त्यानंतर घरात दिवसभर मी आणि सासूबाई. त्या वावरात, मी वर. नवरा आला की जेवायचा आणि झोपायचा, पाळीच तशी होती. आमच्यात भांडण नव्हतं. कुणाचं कुणाशीच भांडण नव्हतं.

त्या दिवाळीत ऑफिसला सुट्टी होती. पाडव्याच्या सकाळी मी सहज, सवयीने, सर्व्हर बघायला बसले तर मला आतच घेईनात. पासवर्ड बरोबर, सगळं बरोबर, तरी नकार. पुन्हा केलं, पुन्हा नकार. आदल्या दिवशी त्या भागातली वीज बराच वेळ गेली होती, असं नंतर कळलं. तिथल्या बॅटऱ्या दम धरून धरून संपल्या होत्या आणि तिन्ही यंत्रं बंद पडून वीज आल्यावर आपोआप चालू झाली होती.

तिथे ऑफिसात हाताशी एक तरुण इंजिनियर असायचा. तो गावी गेलेला, फोन लागेना. मी व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, "आज तिथे फक्त वॉचमन आहेत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे आहे. मी त्यांना सांगतो, तुम्ही त्यांच्याशी बोला. पण सुट्टी संपून लोक यायच्या आत झालं पाहिजे हं."

थोड्या वेळाने एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"म्याडम, म्या वॉचमन बोलतोय. सायबांनी सांगितलंय, तुमी सांगाल तसं कराया."

आवाज भरदार होता. मला वाटलं माणूस उंच, धिप्पाड असणार. पुण्यातल्या सवयीने मी त्यांना मामा म्हटलं.

"मामा, आत गेलात का?"

"गेलो. लई गार हाय हितं."

"समोर कपाटासारखं आहे, त्यात तीन काळी यंत्रं एकाखाली एक. आणि बाजूला एक पडदा, टीव्हीसारखा. तो चालू करा."

"केला."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"इंग्रजी हाय म्याडम. म्या सातवी हाय. अक्षरं वळखतो, पर शबूद लागत न्हाईत."

"चालेल. आकडे वाचता येतील ना? मोठ्या आकड्यात वेळ दाखवत असेल बघा. आणि खाली तारीख."

ते आकडे शोधत होते. यंत्रांच्या पंख्यांचा घूं घूं आवाज फोनमधून येत होता. तो आवाज मी फार दिवसांनी ऐकत होते.

"ह्यात तर म्हैना पयला दावतंय म्याडम, जानेवारी. आन् साल लई मागचं हाय." त्यांनी साल वाचलं. मग हळूच म्हणाले, "तवा माजी मालकीण हुती."

 मी "बरं" म्हटलं.

अडचण काय ते कळलं होतं. सगळ्यांची घड्याळं जुळवणारा जो सर्व्हर, त्याच्या आतली छोटी बॅटरी मेली होती. वीज गेल्यावर तो वेळ विसरला आणि जागा झाला तो कित्येक वर्षं मागे. या यंत्रांचा एक नियम आहे. दोघांच्या घड्याळांत थोडी मिनिटं जरी फरक पडला तरी ती एकमेकांना ओळख देत नाहीत. इथे तर वर्षांचा फरक. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं.

आता ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, चालू होत असतानाच एक कळ दाबून त्याच्या मुळाशी शिरायचं आणि तिथे तारीख बदलायची. माझ्या हातांनी ते अर्धा कप चहा संपायच्या आत झालं असतं. पण माझे हात विंझरला होते.

"मामा, पडद्याखाली कीबोर्ड आहे, त्याच्या वरच्या ओळीत एफ आणि त्याच्यापुढे दोन लिहिलेली कळ आहे. सापडली?"

"यफ म्हंजी दोन आडव्या काड्यांचं?"

"हो, तेच. आता मी सांगितलं की ती टकटक दाबत राहायचं, थांबायचं नाही."

पहिल्या वेळी उशीर झाला आणि यंत्र सरळ पुढे गेलं. दुसऱ्या वेळी त्यांनी दुसरीच कळ दाबली. ते ओशाळून म्हणाले, "म्याडम, म्या कायतरी इस्कटायचो. तुमी दुसरं कुनी बगा."

"दुसरं कुणी नाही मामा. आणि याने काही बिघडत नाही. पुन्हा करू."

तिसऱ्या वेळी पडदा निळा झाला. "निळं आलं!" ते ओरडले. मग एकेक अक्षर वाचत, बाणाच्या कळांनी खालीवर जात आम्ही तारखेपर्यंत पोचलो. त्यांनी अधिकची कळ दाबून साल एकेक पुढे आणलं. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणायचे.  मग महिना, मग दिवस, मग तास आणि मिनिटं, त्यांच्या मोबाईलात बघून. जतन करून बाहेर पडायला सांगितलं. यंत्र उठलं. मी इकडून नाव-पासवर्ड टाकला आणि आत गेले.

"झालं मामा! आले मी आत."

"आलात व्हय?" ते दाराकडे वळून बघत असावेत असा त्यांचा आवाज होता. मग हसले. "म्या येडा, दारात बगतोय."

मी पण हसले. त्या दिवाळीत मोठ्याने हसल्याची मला तेवढीच आठवण आहे.

फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "एक इचारू का? तुमच्या मागं मगाधरनं कोंबडा आरडतोय. तुमी कुटनं बोलताय?"

"विंझरहून."

"विंझर? आपलं येल्ह्याचं?"

"हो. सासर आहे माझं."

"अवो मंग म्याडम काय म्हनतोय म्या! ताई की तुमी. म्या पासलीचा, येल्ह्याच्या म्होरला."

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी आमचं बोलणं व्हायला लागलं. सर्व्हर अद्ययावत करायची कामं शनिवारी सकाळी असायची. त्यानंतर यंत्रं एकेक करून बंद-चालू करावी लागतात आणि एखादं उठलं नाही तर जवळ कुणीतरी लागतं. पूर्वी तो तरुण इंजिनियर यायचा. आता वॉचमनमामांना जमतं म्हटल्यावर त्याने शनिवार सोडला आणि व्यवस्थापकांचीही हरकत नव्हती. मी वरच्या खोलीत बसून यंत्राला बंद हो म्हणायचे आणि मामा तिकडून सांगायचे.

"विजला. आता पंका फिरतोय... आता लाल दिवा. लाल हाय अजून. लाल हाय. हां, हिरवा आला ताई."

यंत्र पूर्ण उठायला वेळ लागायचा. तेवढ्यात आम्ही बोलायचो. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा आणि सून पासलीला. थोडी भातशेती, ती मुलगा बघायचा. मामा पुण्यात कंत्राटदाराच्या पत्र्याच्या खोलीत आणखी तिघा वॉचमनांबरोबर राहायचे, पण चौघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे चौघं एकत्र जागे असे कधी नसायचेच. ड्यूटीवर त्यांची खुर्ची नेमकी सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी. पुढच्या फाटकाला दुसरा माणूस. मागे कुणी येत नाही, जात नाही. दाराच्या फटीतून थंडी येते म्हणून उन्हाळ्यातही ते स्वेटर घालून बसायचे.

"दिसभर हा आवाज आयकतो बगा," ते म्हणायचे. "आदी डोकं उटायचं. आता बरं वाटतं. कोनतरी हाय आत, आसं वाटतं."

पावसाळ्यात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, तोरन्याचा माथा दिसतोय का?"

मी खिडकीशी जायचे. "नाही. सगळा ढगात आहे."

"मंग पासलीला झोडपतोय. भाताचा तरवा उपटाया घेतला आसंल, लावनीला." त्यांना घरी फोन करायचा तर पासलीत रेंज मिळायची नाही. मुलगा वेल्ह्याला बाजाराला आला तर बोलणं व्हायचं. तोपर्यंत माझ्या खिडकीवरच ते अंदाज बांधायचे. मला शेतीतलं काही कळत नाही, पण डोंगराचा रंग, ढग किती खाली उतरलाय, ओढ्याचा आवाज, असं मी सांगायला शिकले. विंझरला आल्यापासून मी त्या खिडकीतून इतकं बाहेर कधी बघितलं नव्हतं.

मी त्यांना पुणं विचारायचे. ऑफिसच्या मागच्या गल्लीतच माझं माहेर होतं. आईवडील गेले, भावाने घर विकलं आणि तो परदेशी गेला. मामा जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला त्या गल्लीने जायचे. मी त्यांना इमारत कुठली ते सांगितलं, तळाशी पिठाची गिरणी, वर गच्चीत लोखंडी पाण्याची टाकी. एका शनिवारी ते म्हणाले, "ताई, तुमच्या बिल्डिंगीला भवतीनं पत्रं लावल्यात. हिरवं."

"म्हणजे पाडणार."

"पाडली. गिरनी बी गेली. आत यक मशीन हुबं हाय नुसतं."

  मग मामा म्हणाले, "हिरवा आला ताई." मी मधल्या यंत्राच्या नोंदी वाचायला घेतल्या.

कंपनीने सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं, हे मला एका ऑनलाइन मीटिंगमध्ये कळलं. म्हणजे स्वतःची यंत्रं ठेवायची नाहीत, दुसऱ्याच्या लांबच्या मोठ्या यंत्रांवर भाड्याने जागा घ्यायची. निर्णय चुकीचा नव्हता. मी त्या जागी असते तर मीही तोच घेतला असता. वीज जाणं नाही, बॅटरी मरणं नाही, गार खोली नाही. सगळं तिकडे हलवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कुठल्या सेवेचं मूळ कुठे गुंतलंय हे मलाच माहीत होतं. "ते झालं की तुमच्यासाठी काहीतरी बघू," असं व्यवस्थापक म्हणाले. त्यांना तसं वाटतही असावं.

मी पुढच्याच शनिवारी मामांना सांगितलं.

"मंग ही मशीनं?"

"भंगारात जातील. किंवा कुणी विकत घेईल."

"आन् खोली?"

"सामान ठेवतील."

 "सामानाला वाचमन कशाला लागतोय," ते म्हणाले. मला म्हणून नाही, असंच.

ते काम पावसाळाभर चाललं. आधी फायली हलवल्या, मग ई-मेल, मग प्रिंटर. मग नावं सांगणारी सेवा. तिच्यात मला अशा यंत्रांची नावं सापडली जी कधीच नाहीशी झाली होती. कुणीतरी कधीतरी बसवलेली, मग काढून टाकलेली, पण नाव पुसायचं राहून गेलेली. ती मी एकेक करून पुसली. कुठल्याही माणसाला ते विचारायची गरज नव्हती. शेवटी ओळख देणारी सेवा हलवली. त्या सकाळी ऑफिसातले सगळे क्लाउडवरून ओळख घेऊन आपापल्या कॉम्प्युटरमध्ये आत आले आणि कुणालाच काही वेगळं जाणवलं नाही. मला एकही फोन आला नाही. काम चोख झालं होतं. मी खुर्चीत बसून राहिले. खाली सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी जिन्यात येऊन म्हटलं, "आई, माझं काम झालं. सगळं नीट झालं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "च्या ठिवू का?"

यंत्रं बंद करायचा दिवस दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. मामा नेहमीसारखे आत जाऊन उभे राहिले. मी सगळ्यात खालचं आधी बंद केलं.

"विजला," ते म्हणाले. सवयीने ते लाल दिव्याची वाट बघत राहिले. मग त्यांनाच कळलं. "ह्यो न्हाई यायचा आता परत, व्हय ना?"

"नाही."

मधलं बंद केलं. मग वरचं, तेच घड्याळवालं. त्याला मी बंद व्हायला सांगितलं आणि माझ्या पडद्यावर संपर्क तुटल्याचं एक छोटं वाक्य आलं. फोनमधून पंख्यांचा आवाज उतरत उतरत थांबला.

"कायबी आवाज न्हाई ताई," मामा म्हणाले. "माजाच स्वास आयकू येतोय."

"एसी पण बंद करा मामा. आता लागणार नाही."

"करतो." खट्ट असं ऐकू आलं. "दार लावू?"

"लावा."

 मग ते म्हणाले, "पासलीकडं आलात तर या घरी." मी येईन म्हटलं.

माझ्यासाठी काही बघितलं गेलं नाही. नोटिशीची मुदत संपली, आभाराची एक ई-मेल आली, लॅपटॉप कुरियरने परत मागवला. मामांना कंत्राटदाराने दुसरीकडे पाठवायचं म्हटलं होतं, पण ती जागा फार लांबची होती आणि त्यांनी घरी जायचं ठरवलं. एवढं त्यांनी एकदा फोन करून कळवलं. त्यानंतर फोन करायला आम्हाला काही कारण नव्हतं. शनिवारी सकाळी मी उगाच वरच्या खोलीत जाऊन बसायचे. तोरणा स्वच्छ दिसायचा. कुणाला सांगायचं नसायचं.

दिवाळीनंतर, भात झोडणी चालू असताना, मी स्कूटर काढली आणि पासलीला गेले. सासूबाईंना वेल्ह्याला जाऊन येते म्हटलं. वेल्ह्याच्या पुढे रस्ता वळणावळणाने डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, कुठे कुठे भाताच्या पेंढ्या रचलेल्या. पासलीत शिरल्यावर एका दुकानाशी थांबून विचारलं, "पुण्याला वॉचमन होते ते मामा कुठे राहतात?"

दुकानदार हसला. "हितला निम्मा गाव पुन्याला वाचमन हाय ताई. नाव काय?"

नाव मला माहीत नव्हतं. माझ्या मोबाईलात त्यांचा नंबर 'सर्व्हररूम मामा' म्हणून होता. दुकानाबाहेर रेंजची एक काडी दिसत होती. मी फोन लावला आणि नशिबाने लागला.

"ताई? काय बंद पडलं का?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"काही नाही मामा. मी पासलीत आहे. दुकानापाशी."

थोड्या वेळाने वरच्या पाऊलवाटेने एक माणूस उतरत आला. ठेंगणा, किडकिडीत, अंगावर वॉचमनचा जुना निळा स्वेटर. मी त्यांच्यामागे कुणी येतंय का ते बघत राहिले. ते माझ्या बाजूने पुढे गेले, दुकानदाराला विचारायला. मी म्हटलं, "मामा." तेव्हा ते वळले.

"तुमी? मला वाटलं तुमी चांगल्या थोराड आसाल. आवाज तसा हाय."

"मला पण वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं लगेच संपलं.

घर टेकाडावर, समोर सारवलेलं खळं. मुलगा आणि आणखी दोघं फळीवर पेंढ्या आपटत होते. सुनेने ओट्यावर सतरंजी टाकली, चहा ठेवला. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "पाव्हनी कोन म्हनायची?"

मामा जरा गडबडले. "हापिसातल्या म्याडम हायेत. पुन्याच्या."

म्याडम. मी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. त्यांचं चुकलं नव्हतं. एकट्या बाईने आपल्या घरी स्कूटरवर येणं ते गावाला दुसरं कसं सांगणार होते? पण त्यानंतर ते माझ्याकडे बघून बोलेनात. खळ्याकडे बघत बोलायचे.

"पीक बरं आलं," मी म्हटलं.

"व्हय. बरं हाय."

"तुम्हाला करमतं का इथे?"

"करमतंय की. समदी हायेत." त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. "झोप तेवडी लागत न्हाई. लई गप वाटतं झोपाया गेलं की. पोरगं म्हनतं, आबा, तुमी सोताच घूं घूं करता झोपंत." सून तोंडाला पदर लावून हसली. मामाही हसले.

फोनवर यंत्र उठेपर्यंत आमचं बोलणं कधी संपायचं नाही. इथे पेला रिकामा व्हायच्या आत संपलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण विषय काढायचा कसा ते दोघांनाही कळत नव्हतं. सुनेने निघताना एका पिशवीत नवे पोहे घातले, घरच्या भाताचे. मामा स्कूटरपर्यंत खाली आले. मी गाडी चालू केल्यावर ते काहीतरी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी बंद करून विचारलं, "काय म्हणालात?"

"काय न्हाई. सावकाश जावा."

पुढे मला भोरमध्ये एका कॉलेजात काम मिळालं. एकच सर्व्हर, एका कपाटात, आणि त्यावर सगळ्या कॉलेजचं नेटवर्क. आता मी आठवड्यातले तीन दिवस नसरापूर, कापूरहोळ करत एसटीने जाते. तिथे लोक आहेत. काही अडलं की स्वतः दाराशी येऊन उभे राहतात आणि झालं की थँक्यू म्हणतात. दुपारी मी कार्यालयातल्या बायकांबरोबर डबा खाते. त्या भोरमधल्याच, एकमेकींच्या घरातलं सगळं जाणणाऱ्या. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या दिराने जागा घेतली, असं चाललेलं असतं. मला सामावून घ्यायला त्या मध्येच विचारतात, "तुमच्याकडे विंझरला पाऊस कसा आहे?" मी सांगते. मग त्या पुन्हा त्यांच्या बोलण्याकडे वळतात.

संक्रांतीला मामांचा फोन आला. मी कॉलेजात होते. त्यांच्या मागे वारा होता, बहुतेक रेंजसाठी वर पठारावर गेले असावेत.

"तिळगूळ घ्या ताई," ते म्हणाले.

"तुम्हीही घ्या मामा. कसे आहात?"

"बरा हाय. तुमी?"

"मी पण बरी आहे. भोरला लागलेय कामाला."

"तितं बी मशीनं हायेत का?"

"एक आहे."

"कोन बसतंय त्येच्या दाराशी?"

"कुणी नाही मामा. कपाटच आहे ते. कुलूप आहे."

त्यावर ते काहीतरी बोलले, पण आवाज तुटत होता. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग फोन कट झाला. मी परत लावला, तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. थोडा वेळ थांबून पुन्हा लावला, तेच. तोवर ग्रंथालयातून निरोप आला होता की तिथला प्रिंटर चालत नाहीये. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तिकडे गेले.